धुऱ्यापलीकडचे शेजारी



पुसद तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचे पत्र आले आहे. पत्र रागाने लिहिलेले आहे, पण राग खोटा नाही. ते लिहितात, “तुम्ही पेपरवाले म्हणता जंगली जनावरे कमी झाली. एक रात्र माझ्या वावरात जागलीला या, मग कळेल कमी झाली की जास्त. चार एकर हरभऱ्यातला एक एकर डुकरांनी नांगरून ठेवला. रोह्यांनी तुरीचे शेंडे खाल्ले. मग कमी झाली ती कोणती जनावरे?”

प्रश्न अगदी रास्त आहे. या आठवड्याचे पान त्याच्या उत्तरासाठीच ठेवतो. उत्तर एका वाक्यात सांगायचे तर, पत्र लिहिणाऱ्या भाऊंचेही खरे आणि पेपरवाल्यांचेही खरे. काही जनावरे वाढली आहेत, काही कमी झाली आहेत, आणि काही आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहेत. आपण मात्र सगळ्यांना एकच नाव देतो, ‘जंगली जनावर’. आणि सगळ्यांवर एकच उपाय करतो. घोटाळा तिथेच होतो.

आपले पुसद चहूबाजूंनी डोंगरांत बसलेले. खाली काळी वावरे, वर सागाचे रान, मधून पूस नदी, आणि दक्षिणेला पैनगंगा. उमरखेडकडे गेले की पैनगंगा अभयारण्य लागते. पूर्वेला पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. म्हणजे रान आणि रानातली वस्ती आपल्याला नवी नाही. आजोबा-पणजोबा याच शेजारात राहिले.

आता ‘कोण किती उरले’ हे ठरवतात कसे, ते आधी पाहू. जगभरच्या निसर्गतज्ज्ञांची एक संस्था आहे, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ. ती १९४८ साली निघाली, आणि १९६४ पासून ती प्राण्यांची एक ‘तांबडी यादी’ ठेवते. त्या यादीत प्रत्येक प्राण्याला त्याच्या हलाखीप्रमाणे पायरी दिलेली असते. पायऱ्यांची नावे जड आहेत, पण हिशेब तुमच्या गोठ्यातल्यासारखाच आहे.

समजा, आजोबांच्या गोठ्यात दहा गाई होत्या. वडिलांच्या काळी त्या कमी झाल्या आणि तुमच्या हाती सातच आल्या. म्हणजे तीन पिढ्यांत दहातल्या तीन गेल्या. असा प्राणी ‘असुरक्षित’. तुमच्या हाती पाचच आल्या, म्हणजे निम्म्या गेल्या, तर तो ‘संकटग्रस्त’. दोनच उरल्या तर ‘अतिसंकटग्रस्त’. एकही उरली नाही, तर ‘नामशेष’. ज्याचे बरे चालले आहे त्याच्यापुढे ‘चिंता नाही’ असे लिहितात, आणि जो अजून पडला नाही पण पाय घसरू लागला आहे तो ‘संकटाच्या उंबरठ्यावर’. प्रत्यक्षात हिशेबाच्या आणखी रीती आहेत. प्राणी किती मुलखात उरला, एकूण संख्या किती, हेही पाहतात. पण गाभा हाच. दहा वर्षे किंवा त्या प्राण्याच्या तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल तो धरायचा आणि तेवढ्यात किती घट झाली ते मोजायचे.

आता ही फूटपट्टी आपल्या धुऱ्यावर लावून पाहू.

रानडुक्कर : चिंता नाही. रोही : चिंता नाही. भाऊंच्या पत्राचे उत्तर इथेच मिळाले. ज्यांनी त्यांचे पीक खाल्ले ते दोघेही यादीत खालच्या, म्हणजे सुखाच्या पायरीवर आहेत. याचे कारणही सोपे आहे. डुकरीण साधारण चार महिन्यांत विते आणि एका वेताला चार-सहा पिले देते. रोहीला पुष्कळदा जुळे होते. त्यांना खाणारा वाघ, लांडगा, रानकुत्रा कमी झाला. आणि खायला मात्र आपण हरभरा, सोयाबीन, भुईमूग, मका असे मऊ आणि पोटभर पीक रानाच्या अगदी कडेपर्यंत नेले. घरात मांजर नसेल आणि कणगी उघडी असेल तर उंदीर वाढणारच. त्यात उंदराला काय दोष द्यायचा?

आता दुसरी बाजू पाहा.

अस्वल : असुरक्षित. मोहफुले, बोरे, टेंभरे, मध आणि वाळवी हे त्याचे खाणे. अस्वलीण पिलांना पाठीवर घेऊन हिंडते, म्हणून ती आधी अंगावर येते, विचार मागून करते. दृष्टी मंद असते, वाऱ्याची दिशा उलटी असेल तर माणूस जवळ येईपर्यंत तिला कळत नाही. मोह वेचायला पहाटे एकट्या-दुकट्या बायका जातात आणि अपघात होतात ते यामुळे. माझ्या बहिणींनो, मोहाखाली जाताना चौघी मिळून जा, बोलत जा, काठीने पाचोळा वाजवत जा. अस्वलाला तुमची चाहूल लागली की ते बहुधा आपणच वाट बदलते.

बिबट्या : असुरक्षित. सांबर : असुरक्षित. चौसिंगा : असुरक्षित. हा चौसिंगा जगात फक्त भारतात आणि नेपाळात आहे. नराच्या डोक्यावर चार शिंगे, असा दुसरा रानटी प्राणी जगात नाही. आपल्या पानगळीच्या डोंगरात तो राहतो, लाजरा असतो, पाण्याजवळ घुटमळतो. आणि शिकारी त्याला ‘हरणाचे पिलू’ समजून मारतात.

तडस : संकटाच्या उंबरठ्यावर. तडसाबद्दल आपल्या मनात उगाच किळस आहे. मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की हाडांसकट साफ करणारा हा रानातला झाडूवाला. हाडे चावून खातो म्हणून त्याची विष्ठा पांढरी पडते. बिबट्यावर सूड म्हणून मेलेल्या जनावरात विष कालवून ठेवतात, ते बिबट्यापेक्षा आधी तडस, कोल्हा, गिधाड आणि आपलीच कुत्री खातात.

लांडगा : आपला भारतीय लांडगा २०२५ साली प्रथमच वेगळा तपासला गेला आणि ‘असुरक्षित’ ठरला. संख्या सुमारे तीन हजार. मेंढपाळाला तो शत्रू वाटतो, आणि शेळी गेली की पोटात तुटते हे खरे. पण माळरान नांगरले गेले, ससे-हरणे कमी झाली, त्यात गावच्या मोकाट कुत्र्यांनी त्याला पिसाळण्याचे आणि इतर रोग दिले. वाघासाठी सारा देश हळहळतो, लांडग्यासाठी कोणी रडत नाही.

खवल्या मांजर : संकटग्रस्त. याची कथा सर्वांत वाईट. बिचारे दात नसलेले जनावर. लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी खाते, भीती वाटली की अंगाची गुंडाळी करून पडून राहते. वाघाच्या दातांपासून वाचवणारी ही युक्ती माणसाच्या पोत्यापुढे चालत नाही. माणूस ती गुंडाळी सरळ उचलून पोत्यात घालतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते. डुकरिणीची सहा आणि हिचे एक, यावरून ही का संपते आहे ते कळेल. तिच्या खवल्यांत औषध आहे, तिच्यामुळे पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडते, असल्या भूलथापा देत दलाल खेडोपाडी हिंडतात. वाचक हो, ते खवले म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचा पदार्थ आहे. नखे उगाळून कोणाचा ताप उतरला नाही आणि कोणाची तिजोरी भरली नाही. तुरुंगाचे दार मात्र उघडले. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून २०१६ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली आहे.

आणखी एक शेजारी आहे, त्याला आपण जनावरात धरतच नाही. वटवाघूळ. तेही पिलाला दूध पाजणारे, म्हणजे गाई-म्हशीच्या वर्गातलेच. जुन्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत राहणारी लहान वटवाघळे रात्रभर किडे आणि पतंग खातात. अळी होते ती पतंगाच्या अंड्यातून, हे कापूस पिकवणाऱ्याला सांगायला नको. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात माणसे गेली, ते आपण विसरलो नाही. फुकट राखण करणाऱ्याला धूर करून पळवण्याआधी एवढे आठवावे.

आता वाघ. वाघ यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, पण त्याची गोष्ट थोडी आशेची आहे. १९७२ साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ ठिकाणांत आपले मेळघाट होते. तरी मधल्या काळात घसरण झालीच. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ निघाले. २०२२ च्या गणनेत ४४४. म्हणजे मनावर घेतले तर रान भरते.

पण रान भरले की पोरांना घर अपुरे पडते. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, वाघात वाटणी नसते. तरण्या वाघाने घर सोडायचे असते. टिपेश्वरच्या अशाच एका तरण्या वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पट्टा बांधला होता, तो कुठे जातो ते कळावे म्हणून. जूनमध्ये तो निघाला. पैनगंगेचे रान, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२० मध्ये पट्टा काढला तोवर त्याची चाल सुमारे तीन हजार किलोमीटर झाली होती. दिवसा नाल्यात, तुरीत, कपाशीत पडून राही आणि रात्री चाले. किती तरी गावांच्या शिवेवरून गेला आणि गावाला पत्ताही लागला नाही. पुढे टिपेश्वरचाच एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगला दिसला. याचा अर्थ असा, की अभयारण्यापुरता विचार करून भागत नाही. तुमचा-माझा धुरा, तुमचा-माझा नाला, हाच त्याचा रस्ता आहे.

दुसरी बाजूही लपवत नाही. याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका एका वाघिणीवर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. शहरातल्या लोकांनी वाघिणीसाठी मेणबत्त्या लावल्या, आणि इथे कित्येक घरांतले दिवे आधीच विझले होते. दोन्ही दुःखे खरी आहेत. म्हणून सांगतो, वन्यप्राण्यांवर प्रेम करा असा उपदेश ज्याचे पीक गेले त्याला मी करणार नाही. मला त्याच्याशी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. ती म्हणजे तार.

ही माझ्या घरातली गोष्ट आहे. पुष्कळ वर्षे झाली. दिवाळी होऊन गेली होती, तूर फुलावर होती, आणि डुकरांनी आमच्या वडीलभावाची झोप उडवली होती. शेजारच्या गावात कोणी तरी तार लावून डुकरे मारली असे त्याच्या कानावर आले. दादाने मोटारपंपाच्या पेटीतून वीज घेतली आणि धुऱ्याच्या कडेने तार ओढली. घरात कोणाला सांगितले नाही. रात्री लावायची, पहाटे काढायची, असा त्याचा बेत.

तिसऱ्या रात्री ढवळ्याने दावे तोडले. सकाळी तो तारेवर पडलेला सापडला. जोडीतला उजवा बैल, आमच्याच गाईचा गोऱ्हा. दादा त्याच्याजवळ बसला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला, “डुकरासाठी लावली होती गा, डुकरासाठी लावली होती.” वहिनी काही बोलली नाही. तिने बैलापासून पायवाटेपर्यंतचे अंतर पाहिले. पाच-सात पावले. त्याच पायवाटेने तिचा धाकटा पोरगा रोज अंधारात दुधाची बरणी घेऊन गावात जायचा. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून तो झोपून होता. पुढच्या पोळ्याला आमच्या दारचा एकच बैल तोरणाखाली उभा राहिला. दादाने त्यानंतर तारेला हात लावला नाही.

हे मी इतक्या वर्षांनी सांगतो आहे, कारण तारेची हीच खोड आहे. कोण आले ते तिला कळत नाही. डुकरासाठी लावाल, अस्वल मरेल. रोह्यासाठी लावाल, पट्ट्याचा वाघ मरेल. आणि रात्री ओलिताला आलेला शेजारी मरेल, जागलीवरून उतरलेला आपलाच बाप मरेल. दर हंगामात कुठून ना कुठून अशी बातमी येतेच. मोटारसायकलच्या तारेचा फासा आणि पिठात घालून ठेवलेला गावठी बॉम्ब यांचेही तसेच. त्या बॉम्बने डुकराचा जबडा फुटतो तसाच गाईचाही फुटतो.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घ्या. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, चौसिंगा, खवल्या मांजर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांनाही आपल्या मनाने मारता येत नाही. पण उभ्या पिकाचे नुकसान करत असतील तर वनखात्याकडे अर्ज करून बंदोबस्ताची लेखी परवानगी मागण्याची सोय कायद्यात आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले, तर तो गुन्हा धरत नाहीत. पण तारेचे तसे नाही. चोरीची वीज हा एक गुन्हा, शिकार हा दुसरा, आणि माणूस गेला तर तिसरा.

मग करायचे काय? हातपाय गाळून बसायचे का? नाही. आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, सौर कुंपण. यालाच आपण झटका मशीन म्हणतो. घरची वीज तारेत सोडली तर ती सतत वाहते आणि जीव सोडत नाही. झटका मशीन क्षणभराचा ठोका देते आणि थांबते; जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र मशीन चांगल्या बनावटीचे घ्या आणि त्याला घरची लाइन कधीही जोडू नका. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून याला अनुदान मिळते. एकट्याने लावले तर डुकरे शेजाऱ्याकडे जातात, म्हणून धुऱ्याला धुरा लागून चार-पाच जणांनी मिळून लावावे. तारेखालचे गवत काढत राहावे, नाही तर ठोक्याचा जोर जमिनीत जातो.

दुसरी, विहीर. धुऱ्यावरच्या उघड्या विहिरीला कठडा बांधा. अंधारात तडस, बिबट्या पडतो, तसे लेकरूही पडते. एक कठडा दोघांनाही राखतो.

तिसरी, गोठा. शेळ्या-वासरे रात्री उघड्यावर बांधू नका. दार बंद, वर जाळी, आणि एक दिवा. बिबट्याला सोपे सावज लागते. अवघड झाले की तो पुढे जातो.

चौथी, पंचनामा. नुकसान झाले की त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. ढोर मारले असेल तर ते जागेवरून हलवू नका. फोटो काढून ठेवा, सातबारा जोडा, अर्जाची पोच मागून घ्या. वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे. पीक, जनावर, माणूस या तिन्हींसाठी नुकसानभरपाई आहे. रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून आजचा दर कार्यालयातच विचारा. खेटे घालावे लागतात, मला ठाऊक आहे. पण कागद न देणाऱ्याचे नुकसान सरकारदरबारी झालेलेच नसते. दहा जणांचे अर्ज एकदम गेले तर टेबलावर वजन पडते. ग्रामसभेत ठराव घ्या.

शेवटी भाऊंच्या पत्राकडे येतो. भाऊ, तुमचा राग डुकरावर आहे आणि तो मला मान्य आहे. पण रात्री त्या अंधारात डुकरामागून कोण चालत येते ते आपल्याला दिसत नाही. एके काळी आपल्या माळावर चित्ता होता. १९५२ साली तो देशातून संपल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियातून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशात कुनोला आणावे लागले. गेलेले जनावर परत आणायला विमान लागते. असलेले राखायला नुसता हात आवरावा लागतो.

आजी सांगायची, शिवेवरच्या वाघोबाला नारळ फोडल्याशिवाय गावात पेरणी होत नसे. तो नारळ प्रेमाचा नव्हता, भीतीचाही पुरता नव्हता. तू तिकडे, मी इकडे, असा तो शेजाऱ्याशी केलेला करार होता. आपल्या बाजूने तो करार आज तारेने मोडतो आहे. तुमच्या वावरात अशी तार असेल तर आज दिवे लागायच्या आत काढा, आणि काढली म्हणून मला एक कार्ड टाका. नाव छापणार नाही. तुमच्या गावात झटका मशीन कोणी कसे लावले, काय खर्च आला, काय चुकले, तेही लिहा. ते मात्र याच पानावर सर्वांसाठी छापू.